पन्नासातली एकोणीस राहिली

पुण्यात राहणाऱ्या, एका सहकारी बँकेत नोकरी करणाऱ्या ३९ वर्षांच्या एक वाचक लिहितात: जानेवारीत त्यांच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षभरात ५० पुस्तकं वाचायचा संकल्प ठरला. दर महिन्याच्या शेवटी प्रत्येकीने वाचलेल्या पुस्तकांच्या चळतीचा फोटो टाकायचा. डिसेंबर उजाडला आणि यांची ३१ झाली आहेत. उरलेली १९ भरून काढण्यासाठी त्या आता मुद्दाम पातळ पुस्तकं आणतात, ऑडिओबुक पावणेदोन पटीने पळवतात आणि एक आवडतं जाड पुस्तक त्यांनी अर्ध्यावर बाजूला ठेवलं आहे. परवा जेवताना बारा वर्षांच्या मुलाने विचारलं, "मागच्या महिन्यातलं ते निळ्या कव्हरचं पुस्तक कशाबद्दल होतं?" त्यांना काही केल्या आठवलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. पत्राच्या शेवटी कंसात एक वाक्य आहे: "जूनमध्ये 'झाडाझडती' वाचायला घेतलं, त्यात सगळा महिना गेला. आमचं आजोळ उजनीच्या पाण्यात गेलं, त्यामुळे मध्येच थांबून आईला फोन करत बसले. तिथूनच मागे पडले." त्यांचे प्रश्न असे: उरलेली १९ कशी पूर्ण करू? ऑडिओबुक धरायचं की नाही? अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचा अपराधीपणा कसा घालवू? आणि पुढच्या वर्षी किती ठरवू?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसातल्या वाक्यापाशी अडकले. बाकी सगळ्या पत्रात आकडे आहेत. माणसं, गाव, पाणी, आई, सगळं त्या एका कंसात आहे. म्हणून तुम्ही विचारलेल्या क्रमाने उत्तर देत नाही, त्या जून महिन्यापासून सुरुवात करते.

'झाडाझडती' ही विश्वास पाटलांची १९९१ची कादंबरी, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणासाठी उठवलेल्या गावांची ती कथा आहे. जमिनीच्या मोबदल्यापासून पुनर्वसनाच्या कागदांपर्यंत माणूस कसा पिळून निघतो, ते ती सांगते. ज्याचं गाव शाबूत आहे त्याला ती हलवून सोडते. ज्याचं आजोळ पाण्याखाली आहे तो ती सरळ एका दमात वाचूच शकणार नाही. तुम्ही थांबलात. फोन लावला. आईला विचारलंत. तुम्ही काय विचारलं ते पत्रात नाही, पण मला अंदाज आहे: आपलं घर नक्की कुठं होतं, शेवटच्या दिवशी काय काय उचललं, देवळातल्या देवांचं काय झालं. उजनीचं धरण १९८०मध्ये पुरं झालं. तुमच्या वयावरून धरते की गाव सोडलं तेव्हा तुमची आई शाळकरी मुलगी असणार. इतक्या वर्षांत तिला हे कुणी नीट विचारलं होतं का?

आता मला सांगा, या वर्षातलं तुमचं पुस्तक कोणतं? दुसरं कुठलं असणार? जे पुस्तक तुमच्याकडून आईला फोन करवतं, त्याच्या नावापुढे तुमच्या हिशेबात 'इथे मागे पडले' असं लिहिलेलं आहे. मला त्या हिशेबाचीच शंका येते. सगळ्यात चांगल्या वाचनाला जो दंड करतो, तो संकल्प काहीतरी चुकीचं मोजतोय.

ताळेबंद जुळवणं हे तुमचं रोजचं काम, म्हणून हा हिशेब तुमच्यासमोर मांडते. मराठी पुस्तक सरासरी २०० पानांचं धरू. ५० पुस्तकं म्हणजे १०,००० पानं. कादंबरी मी तासाला साधारण ३० पानांच्या वेगाने वाचते, तुमचाही वेग तेवढाच धरला तर सव्वातीनशेहून जास्त तास होतात. म्हणजे वर्षातला एकही दिवस न चुकता रोज ५५ मिनिटं. तुम्ही लिहिता की बसमध्ये जायच्या वेळी २५ मिनिटं मिळतात आणि रात्री झोपण्याआधी १५. मुलाच्या परीक्षा, मार्चअखेर, गणपती, दिवाळी, पाहुणे, आजारपणं वजा केली तर असे ३०० दिवस हाती लागले असतील. ३०० दिवस रोज ४० मिनिटं म्हणजे २०० तास, ६,००० पानं, ३० पुस्तकं. तुमची ३१ झाली आहेत.

तुम्ही कुठेही कमी पडलेल्या नाही. हातात जेवढा वेळ होता तेवढं सगळं तुम्ही वाचलं आहे. जानेवारीत ५०चा आकडा ठरवताना दिवसाचे तास कुणी मोजले नव्हते, इतकंच. उरलेल्या चार आठवड्यांत १९ पुस्तकं वाचायची तर दर दीड दिवसाला एक पडतं. ते करू नका. अर्ध्यावर ठेवलेलं ते जाड, आवडतं पुस्तक आज रात्री उशाशी घ्या आणि जिथे थांबला होता त्याच्या पाच पानं आधीपासून सुरू करा. डिसेंबर त्या पुस्तकाला द्या.

निळ्या कव्हरचं पुस्तक आठवलं नाही म्हणून तुमची झोप उडाली. विसरणं सगळ्यांचंच होतं, माझंही. कथानक विसरणं मी फारसं मनाला लावून घेत नाही. पण ते पुस्तक कशाबद्दल होतं हेसुद्धा हाती लागत नसेल, तर बहुतेक वेळा वाचून संपवल्या क्षणी आपण पुढचं उघडलेलं असतं. मुरायला जागाच दिलेली नसते. लोणचं घातलं आणि दुसऱ्या दिवशी बरणी रिकामी करून नवं घातलं, असं कुणी करत नाही.

यावर माझा उपाय जुना आणि साधा आहे. माझ्याकडे २०० पानी वही आहे, शाळेच्या मुलांची असते तशी. एका पुस्तकाला एक पान. वर नाव आणि कुठे वाचलं ते, खाली थांबले ती पानं आणि का थांबले त्याची एकेक ओळ. कथानकाचा सारांश मी लिहीत नाही, तो पाठीमागच्या मजकुरात असतोच. या वर्षीच्या ऑगस्टमधली नोंद तुमच्यासाठी उतरवून देते: "बनगरवाडी, तिसऱ्यांदा. दवाखान्याच्या बाकावर, यांच्या डोळ्याचं ऑपरेशन चालू असताना. या वेळी तालमीच्या पानांवरून भराभर गेले, कारभारी गेल्यावर थांबले. पुढचा दुष्काळ वाचवेना. पुस्तक मिटून नळावर जाऊन आले." एवढंच. पण ही नोंद वाचली की तो बाक, फिनेलचा वास, ते गाव, सगळं एकदम उभं राहतं.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची, अगदी छोटी. तुमच्या पातळ पुस्तकांच्या चळतीत सहज बसेल अशी. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर जातो, शाळा उभी करतो, गाव मिळून तालीम बांधतं, आणि शेवटी दुष्काळ सगळं गाव रिकामं करतो. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा १९ वर्षांची होते आणि मास्तर माझ्याच वयाचा वाटला होता. मला सगळ्यात आवडली होती ती तालीम. लोकांनी एकत्र येऊन काहीतरी उभारायचं, त्या वयात याहून मोठं काय वाटणार? आज साठीला टेकल्यावर मला त्यातला म्हातारा कारभारी दिसला. त्याचं मास्तरावर रुसणं, जीव लावणं आणि जाणं. ती पानं तेव्हाही तिथेच होती. मी वाचलीही होती. पण मला ती या ऑगस्टमध्ये मिळाली.

तुमच्या ग्रुपच्या नियमात पुनर्वाचनाला जागा नाही, असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. हा नियम मला सगळ्यात जास्त खटकला, कारण आपल्या वाचनाची मुळंच पुन्हा पुन्हा वाचण्यात आहेत. तुमच्या सासूबाई श्रावणात नवनाथांची पोथी लावतात म्हणता. ४० अध्याय, दर वर्षी तेच. शिवलीलामृताचा तर नुसता अकरावा अध्याय जन्मभर वाचणाऱ्या बायका घराघरांत होत्या, अजूनही आहेत. माझी आजी त्यातलीच. तिला अक्षरओळख बेताची होती, बोट ठेवून वाचायची. ती त्याच ओव्यांशी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या ठिकाणी थांबायची हे मी पाहिलं आहे. धाकटा मुलगा गेला त्या वर्षी एका ओवीवर तिचं बोट कितीतरी वेळ तसंच राहिलं होतं. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवा, तो ज्याचा त्याचा. पण वाचायचं कसं, हे मी तिच्याकडून शिकले.

"प्रसंगी अखंडित वाचीत जावे" ही समर्थांची ओळ तुमच्या ग्रुपच्या नावाखाली टाकली आहे ना? छान आहे. तिच्यातला शब्द 'अखंडित' आहे, 'अगणित' नाही.

ऑडिओबुकचं विचारलंत. बिनदिक्कत धरा. पोथी एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात, ऐकणाऱ्याचं पारायण झालं नाही असं कुणी म्हणत नाही. कीर्तन ऐकून, प्रवचन ऐकून शहाणी झालेली माणसं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. माझी हरकत आहे ती पावणेदोन पटीला. सांगणाऱ्याने जिथे श्वास घेतला तिथे ऐकणाऱ्यालाही घ्यावासा वाटतो, त्यासाठीच तो घेतलेला असतो. आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, विनोदी गोष्टी पोळ्या लाटताना सुद्धा छान ऐकता येतात. कविता आणि दाट गद्य मात्र मला कामात ऐकायला जमत नाही, तुम्हालाही जमत नसेल तर ती डोळ्यांसाठी राखून ठेवा. आणि वेग साधा ठेवा.

आता सोडून दिलेली पुस्तकं. पत्रात अशा सात पुस्तकांचा उल्लेख आहे आणि त्यांच्याविषयी तुम्ही जवळजवळ माफी मागितली आहे. कुणाची? लेखकाला ते कळत नाही, पुस्तकाला दुखत नाही. मी एका पुस्तकाला तीन बैठका देते. तिसऱ्या बैठकीनंतरही त्याच्याकडे पाय वळत नसतील तर एका चिठ्ठीवर का थांबले ते लिहून आत ठेवते आणि पुस्तक कपाटात वरच्या फळीवर जातं. "भाषा जड, मन थाऱ्यावर नाही" अशी चिठ्ठी असेल तर ते पुस्तक वर्षा-दोन वर्षांनी परत खाली येतं. "माणसं खोटी वाटतात" अशी असेल तर बहुतेक तिथेच राहतं. वाचनालयाचं असेल तर परत करून टाकते. विकत घेतलेलं पुस्तक सोडताना पैशांचा विचार मनात येतोच, ते समजते. पण दिलेल्या पैशांच्या वर आपले आठ-दहा तासही त्याला कशाला द्यायचे?

जाड पुस्तकांबद्दल मात्र वेगळं सांगायचं आहे, कारण ती तुम्ही नावडली म्हणून सोडत नाही. आकडा वाढत नाही म्हणून सोडता. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. आज ती एका बांधणीत मिळतात म्हणून जाड दिसतात. पण ती १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली होती. त्या काळच्या वाचकांनी ती तशीच वाचली, थांबत थांबत. तुम्हीही तशी वाचा. एक भाग झाला की मध्ये दुसरं काही घ्या, मग पुढचा भाग. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने जेरीस आलेलं ते घर, नवऱ्याचं ख्रिस्ती होणं, ताटातूट, आणि एवढं सगळं सोसून लक्ष्मीबाईंच्या बोलण्यात टिकून राहिलेलं हसू, हे घाईने उरकायचं पुस्तक नाही. गेल्या वर्षी मी ते असं पाच महिन्यांत वाचलं. महिनोन् महिने घरात एक बाई राहायला आल्यासारखं वाटत होतं.

आणि दिवाळी अंक तुम्ही मोजत नाही? का बरं? १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथा, कविता, दीर्घ लेख यांचं केवढं तरी पीक या अंकांतून आलं आहे. एका चांगल्या अंकात एका पुस्तकाचा ऐवज सहज असतो. बऱ्याच वाचनालयांची दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, थोडे पैसे भरले की पुढचे काही महिने अंक बदलून बदलून नेता येतात. तुमच्या जवळच्या वाचनालयात विचारून बघा. नवा लेखक पारखायलाही हीच जागा चांगली. पंधरा पानांची कथा आवडली की मग त्याचं पुस्तक शोधायचं.

मुलाच्या प्रश्नाकडे येते. त्याने तो खोचकपणे विचारला असेल असं मला वाटत नाही. आई काय वाचते याची त्याला उत्सुकता आहे, कव्हरचा रंगसुद्धा त्याच्या लक्षात आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत याहून चांगली बातमी नाही. तुमची रात्रीची १५ मिनिटं आठवड्यातून तीन दिवस त्याच्याबरोबर घालवा, मोठ्याने वाचून. 'श्यामची आई'ची मांडणी साने गुरुजींनी रात्रींचीच केली आहे, रात्र पहिली, रात्र दुसरी अशी. एका बैठकीला एक रात्र बरोबर बसते. त्याला ते जुनं वाटलं तर त्याच्या आवडीचं काही घ्या, वाद घालू नका. इतर दिवशी जेवताना तुम्ही जे वाचताय त्यातलं एखादं पान त्याला सांगा. सांगितलेलं लक्षात राहतं, माझा हा अनुभव पक्का आहे. जे पुस्तक मी दोन दिवसांत कुणाला तरी सांगितलं ते माझं राहिलं. जे नाही सांगितलं त्याची नोंद वहीत वाचूनही कधीकधी परकं वाटतं.

ग्रुप सोडायचा का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो ओळींच्या मधून दिसतो. सोडू नका. नऊ जणी पुस्तकांसाठी जमतात हे सोपं नाही. एवढंच करून बघा की या डिसेंबरच्या ३१ तारखेला चळतीचा फोटो टाकू नका. त्याऐवजी एका पुस्तकाच्या एका पानाचा फोटो टाका आणि त्या पानावर का थांबलात ते चार ओळींत लिहा. मला वाटतं आणखी दोघी-तिघी तरी तसंच करतील. तुमच्याइतकीच दमलेली कुणीतरी तिथे नक्की असेल. बाकीच्यांनी चळती टाकल्या तर त्यांचं कौतुक करा, काहींना आकड्याने खरंच हुरूप येतो. वर्षाला पाच पुस्तकंही होत नव्हती ती माणसं आकड्यामुळे वाचायला लागलेली मी पाहिली आहेत. तुमचा तो टप्पा मागे पडला आहे.

पुढच्या वर्षी किती, असं विचारता. मी तुमच्या जागी असते तर पुस्तकांचा आकडा ठरवलाच नसता, वेळ ठरवला असता. रोजची ४० मिनिटं, आणि महिन्यातून एक रविवारची सकाळ घरच्यांना सांगून फक्त वाचनासाठी. त्या वेळात किती पुस्तकं होतील ती होतील. त्यात एक पूर्वी वाचलेलं आवडतं पुस्तक पुन्हा, आणि एक जाड पुस्तक सावकाश, एवढं धरून ठेवा. आणि वर्षाला एक धागा. तुमचा धागा तर जूनमध्येच हाती लागलाय, जमीन आणि तिच्यावरून हलवलेली माणसं. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचा, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या उठावाचं. त्यात जमीन आहे ती वेठबिगारीने पिचलेल्या माणसांच्या बाजूने. धरण आणि उजनी यांवरचं आणखी काय मिळतं ते ग्रंथपालांना विचारा. चांगला ग्रंथपाल असा प्रश्न विचारणाऱ्याची वाट बघत असतो. एका पुस्तकातून दुसऱ्याचा पत्ता मिळत जातो तेव्हा वाचनाला ढकलावं लागत नाही.

त्यातलं एक पुस्तक अजून लिहिलेलं नाही, ते तुमच्या आईपाशी आहे. नव्या वहीची पहिली दहा पानं तिला द्या. जूनमध्ये फोनवर तिने जे सांगितलं ते आठवेल तसं लिहून काढा. गावातल्या आळ्यांची नावं, विहीर, शाळेच्या बाई, नदीचा घाट. चुकलेलं ती दुरुस्त करेल.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. तुमचं आजोळ त्याच अंगाला होतं की भीमेच्या दुसऱ्या काठाला, ते पत्रात नाही. पण मे महिन्यात पाणी कुठवर उतरलंय याची चौकशी करा, एखादा रविवार काढा आणि आईला घेऊन सोलापूर रस्त्याने जा. मुलालाही न्या. काठावर उभं राहून ती जिकडे बोट करेल ती दिशा वहीत काढून ठेवा. आणि तिने काय दाखवलं ते मला नक्की कळवा, मी वाट बघते.